नाशिकच्या बाजारातला नदीचा आणि खाडीचा मासा : माल कसा, सेवा कशी

नाशिकला समुद्र नाही, तरी मासे खाणाऱ्यांची इथे आबाळ होत नाही. गंगापूर, दारणा, मुकणे, करंजवण, चणकापूर, गिरणा अशी धरणं जिल्ह्यात आहेत, गोदावरी-कादवेच्या संगमावर नांदूरमधमेश्वरचा पसरट जलाशय आहे, आणि कसारा घाटातून किनाऱ्याचा माल सकाळपर्यंत शहरात पोचतो. हे परीक्षण कुठल्या एका गाळ्याचं नाही. शहरातल्या मासळी बाजारांत आणि धरणांच्या रस्त्यांवर टोपली मांडून जो नदीचा नि खाडीचा मासा विकला जातो, तो माल आणि त्याबरोबर मिळणारी सेवा, दोन्हींचं आहे.

निकाल आधीच सांगतो. गोड्या पाण्याच्या माशासाठी नाशिकचा बाजार उत्तम आहे. खाडीच्या माशासाठी मध्यम, आणि तोही निवडून घेतला तरच. मासा कापून देण्याचं काम बहुतेक गाळ्यांवर झकास होतं. बर्फ कमी पडतो. आणि मालाची माहिती देण्यात बाजार सगळ्यात मागे आहे. मासा कुठल्या पाण्यातला, काय खाऊन वाढलेला आणि अंड्यावर आहे का, या तीन प्रश्नांची उत्तरं जो विक्रेता सरळ देतो त्याच्याकडे चार पैसे जास्त गेले तरी चालतील. चव, वास, काटा, टिकाऊपणा, सगळं या तीन गोष्टींवरच ठरतं.

रोहू, कटला, मृगळ : धरणाचा की पेटीचा?

बाजारातला निम्म्याहून जास्त गोडा मासा या तिघांचाच असतो. तिघंही मूळचे उत्तरेकडच्या मोठ्या नद्यांचे. आपल्या धरणांत ते बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडून वाढवले जातात. एकाच पाण्यात तिघं राहतात, पण एकमेकांच्या ताटात हात घालत नाहीत. कटला वरच्या थरात फिरतो, त्याचं तोंड वर वळलेलं, डोकं मोठं, मिशा नाहीत. पाण्यातले बारीक प्राणी, म्हणजे प्राणिप्लवंग, तो कल्ल्यांच्या दाट चाळणीतून गाळून खातो. रोहू मधल्या थरातला, ओठ झालरीसारखे, खाणं मुख्यतः शेवाळ आणि कुजत आलेल्या पाणवनस्पती. मृगळ तळाचा, अंगाने सडपातळ, ओठ पातळ, गाळातलं कुजकं सेंद्रिय खाणारा. चवीतला फरक इथूनच येतो. कटल्याचं मांस जाड नि तुपकट, रोहूचं गोडसर आणि घट्ट, मृगळाचं चवीला चांगलं पण काट्याला त्रासदायक, आणि तळाचं पाणी खराब असेल तर मातकट वास सगळ्यात आधी त्यालाच लागतो.

आता धरणाचा आणि पेटीचा हा फरक. थर्माकोलच्या पेटीतून येतो तो माल बहुतांशी आंध्रातल्या तळ्यांचा. गोदावरी त्र्यंबकला उगम पावून १,४६५ किलोमीटरनंतर ज्या त्रिभुज प्रदेशात समुद्राला मिळते, त्याच टापूतल्या तळ्यांत वाढलेला रोहू बर्फात बसून नाशिकला येतो. त्याला कमी लेखायचं कारण नाही. तिथल्या पद्धतीत बोटुकली वर्षभर दाटीवाटीने, जेमतेम खाण्यावर ठेवतात. ती खुरटते, पण मरत नाही. मग मोकळ्या तळ्यात सोडून भाताचा कोंडा नि पेंड भरपूर दिली, की अडलेली वाढ ती झपाट्याने भरून काढते. असा मासा एकसारख्या आकाराचा येतो, पोटाला चरबीचा जाड थर असतो, मांस मऊ. तळणीला छान, पातळ रश्श्यात तेल सोडतो.

धरणाचा मासा ओळखायला सोपा. टोपलीत एकाच जातीचे लहानमोठे मासे असतात, जाळ्याचे व्रण दिसतात, खवलं काही ठिकाणी उडालेली, पोट सपाट. स्वतःचं अन्न स्वतः शोधून वाढलेला असल्याने चरबी कमी, मांस कसदार. रश्श्यासाठी हाच घ्यावा. विचारताना 'ताजा आहे का' असं विचारून काही हाती लागत नाही, उत्तर 'हो'च येतं. 'मावशी, धरणाचा आहे की पेटीचा?' असं विचारलं की समोरच्या बाईला कळतं की गिऱ्हाईक माहीतगार आहे, आणि बोलणं सरळ होतं.

वजनाबद्दल माझं मत ठाम आहे. रोहू सव्वा ते दोन किलोचा, कटला दोन ते तीन किलोचा घ्यावा. रोहू-कटल्यासारख्या कार्प जातीच्या माशांत पाठीच्या काट्याखेरीज मांसात सुटे, दोन फाट्यांचे बारीक काटे असतात. काट्यांची संख्या माशाबरोबर वाढत नाही, आकार वाढतो. म्हणून अर्ध्या किलोच्या माशात ते केसासारखे बारीक आणि सापडायला कठीण, दोन किलोच्या माशात बोटाने उचलता येतील इतके जाड. शेपटीकडे ते सगळ्यात दाट असतात. घरात लहान मुलं असतील तर मधला भाग नि पोटाचा भाग मागून घ्यावा. शेपटी रश्श्यात उकळून गाळायला ठेवावी.

तो मासा किती वर्षांचा, हेही घरी बघता येतं. पाठीच्या पराखालची, अंगावरच्या मधल्या रेषेच्या जरा वरची चार-पाच खवलं काढा, कोमट पाण्यात चोळून धुवा, आणि काचेवर ठेवून उजेडाकडे धरा. साधं भिंग पुरतं. खवल्यावर मध्यापासून निघालेली बारीक वळी दिसतात. मासा भराभर वाढत असतो तेव्हा वळी विरळ पडतात. अन्न कमी झालं किंवा तो अंड्यावर आला की वाढ मंदावते, वळी दाटतात, आणि तिथे एक गडद कडं उमटतं. अशी कडी मोजायची. पडलेल्या खवल्याच्या जागी नवं उगवलेलं असेल तर त्याचा मधला भाग कोरा असतो. ते मोजायला घेऊ नये. दोन किलोच्या रोहूत कडी तीन-चार दिसली तर तो सावकाश वाढलेला धरणाचा मासा. जेमतेम एक-दोन असतील तर पेंडीवर पोसलेला.

मातकट वास

'नदीच्या माशाला चिखलाचा वास येतो' ही तक्रार नाशिकमध्ये उन्हाळ्यात जास्त ऐकू येते, त्याला कारण आहे. धरण आटत जातं, पाणी तापतं, निळंहिरवं शेवाळ माजतं. हे शेवाळ आणि गाळातले काही सूक्ष्मजीव जिओस्मिन नावाचं द्रव्य सोडतात. पहिल्या पावसानंतर मातीला जो वास येतो तो याच द्रव्याचा. मासा ते मुख्यतः कल्ल्यांतून शोषतो आणि चरबीत साठवतो. त्यामुळे कितीही धुतलं तरी वास जात नाही, कारण तो वरून लागलेला नसतोच.

उपाय दोन. कातडीखालचं लालसर मांस, पोटाची चरबी आणि पोटाच्या आतलं काळं अस्तर काढून टाकायचं. वासाचा बराचसा साठा तिथेच असतो. आणि आंबट वापरायचं. आम्लात जिओस्मिनचं रूप बदलतं आणि वास उतरतो. लिंबू, मीठ, हळद लावून वीस मिनिटं ठेवा, पाणी निथळू द्या, मग चिंचेच्या कोळात किंवा आमसुलात रस्सा करा. दह्याने फरक कमी पडतो. पाऊस संपून धरणं भरली, पाणी निवळलं, की कार्तिकापासून माघापर्यंत हाच मासा वासाशिवाय मिळतो. गोड्या माशाचा खरा हंगाम तोच.

एक पथ्य मात्र बाराही महिने पाळावं. शहराच्या खालच्या अंगाला, जलपर्णी नि सांडपाणी असलेल्या पात्रातला मासा घेऊ नये. तिथे पाण्यात प्राणवायू कमी असतो, तग धरतात ती फक्त चिवट जात. टोपलीत नुसती चिलापी आणि मागूर असेल, एकही रोहू-कटला नसेल, तर तो माल कुठल्या पाण्यातला याचा अंदाज आपणच करावा.

गाभोळी, चढणीचे मासे आणि आषाढ

या बाजाराबद्दल माझा खरा आक्षेप इथे आहे: आषाढात अंड्यावरचा मासा विकला जातो.

रोहू, कटला, मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. अंडी पोटात तयार होतात, पण ती सुटायला पावसाचा लोंढा, वाहतं पाणी, काठावरची नुकती बुडालेली उथळ जमीन आणि उतरलेला उकाडा लागतो. रोहू-मृगळ साधारण दुसरं वर्ष संपताना वयात येतात, कटला तिसऱ्यात. किलोभर वजनाची रोहूची मादी दोन लाखांच्या आसपास अंडी बाळगते, आणि ऐन भरात गाभोळी, म्हणजे पोटातल्या अंड्यांची पिशवी, अंगाच्या वजनाच्या पंधरा-वीस टक्क्यांपर्यंत जाते. अंडी चिकट नसतात, पाण्याबरोबर वाहतात, आणि चौदा ते अठरा तासांत फुटतात. पिल्लू पहिले तीन दिवस पोटाला लागलेल्या बलकावर जगतं. त्यानंतर तोंड उघडतं आणि बारीक प्राणिप्लवंग मिळालं तरच ते वाचतं. लाखातली बहुतेक इथेच जातात.

नाशिकच्या गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पाणी लागल्याच्या बातम्या सुरू होतात त्याच दिवसांत वरच्या अंगाला, इगतपुरी-त्र्यंबकच्या ओढ्या-ओहोळांत, नांगरलेल्या खाचरांत मासा चढतो. चढणीचे मासे ते हेच. रोहू-कटला त्यात क्वचित. असतात ते आपल्या नद्यांचे मूळचे मासे, खवली, वाम, मिशांचा मासेखाऊ शिवडा आणि कितीतरी बारीक जाती. एका अरुंद ओहोळात अख्ख्या पात्राचं पुढच्या वर्षाचं बीज एकवटलेलं असतं. पाड्यावरच्या घरात चार दिवस त्याचं कालवण होतं, ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय आणि त्याने नदी रिकामी झाली नाही. पण शहरातून मागणी आली, चढणीचा मासा म्हणून टोपल्याच्या टोपल्या रस्त्याला लागल्या, की हिशेब बदलतो. ओहोळाच्या तोंडाला आरपार बारीक जाळं लावलं तर एकही मादी वर पोचत नाही. सुरुंग नि विष टाकून मासे मारायला तर १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्यापासूनच बंदी आहे. पांढरे पडलेले कल्ले, पोटाखाली रक्ताची गाठ, मणका आतून तुटलेला असा मासा दिसला तर तो स्फोटाचा, घेऊच नये.

इथे एक भेद करायला हवा, कारण सगळ्या गाभोळीला एकाच मापाने मोजणं बरोबर नाही. धरणातला रोहू-कटला मुख्यतः सोडलेल्या बोटुकलीचा असतो. ही सोय झाली ती १० जुलै १९५७ नंतर. त्या दिवशी डॉ. हिरालाल चौधुरी यांनी माशाच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून भारतीय कार्प माशांचं प्रजनन घडवून आणलं. आज हॅचरीत जिरे, म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं, तयार होतात, त्यातून मत्स्यबीज, अर्धबोटुकली आणि मग बोटुकली. धरणात सोडायची ती ८० ते १०० मिलिमीटरची हवी. त्याहून लहान सोडली तर शिवडा-मरळीच्याच पोटात जाते. तेव्हा धरणातली अंड्यावरची रोहू खाल्ली तर पुढच्या वर्षी नवं बीज पडण्याची आशा तरी असते. शिवडा, वाम, शिंगाळा यांचं बीज कुणी सोडत नाही. त्यांची गाभोळी खाल्ली की ती संपली. शिवडा आज जगभरच्या धोक्यातल्या जातींच्या यादीत आहे. आषाढ-श्रावणात या तीन जाती घेऊ नयेत असं माझं स्पष्ट सांगणं आहे, आणि जो गाळेवाला त्या दिवसांत त्या ठेवत नाही त्याच्याकडे बाकीच्या वर्षात आवर्जून जावं.

चवीच्या बाजूनेही या दिवसांत फायदा नाही. अंडी भरताना मासा अंगातली चरबी गाभोळीकडे वळवतो, मांस कोरडं पडतं. अंडी सुटल्यावरचा मासा तर फारच निकृष्ट: पोट लुळं, आत रिकामी रक्ताळलेली पिशवी, मांस पाणचट, तव्यावर आकसतं. म्हणजे गटारीला ज्या भावाने मासा जातो, त्या भावात वर्षातला सगळ्यात हलका माल पदरात पडतो.

गाळ्यावर नर-मादी ओळखायची रीत सोपी आहे. कल्ल्यामागच्या पराच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवा. हंगामात नर कार्पचा पर खरखरीत लागतो, मादीचा गुळगुळीत. मादीचं पोट दोन्ही बाजूंनी फुगलेलं आणि मऊ, मागचं छिद्र सुजलेलं, गुलाबीसर. नराचं पोट हलकं दाबलं तर दुधासारखा थेंब येतो. गाभोळी आवडते म्हणून कुणी मुद्दाम मादी मागत असेल तर ती पेटीच्या मालातली मागावी.

मांसखाऊ मासे : मरळ, शिंगाळा, वाम

मरळ हा नाशिकच्या बाजाराचा मानाचा मासा, आणि भावही रोहूच्या दुपटीच्या आसपास. तो जिवंतच घ्यावा. कल्ल्यांखेरीज डोक्यात हवा घेणारा अवयव असल्याने तो पाण्याबाहेर ओल्या टोपलीत तासन्‌तास जगतो. मेलेली मरळ 'सकाळीच गेली' म्हणून देत असतील तर भाव अर्धा झाला तरी नको. बेडूक, मासे, किडे, जे हलतं ते ही खाते. मांसाहारी माशाचं आतडं आखूड असतं, पोट धुवायला सोपं, मांसात बारीक काटे नाहीत. आजारातून उठलेल्याला मरळीचा रस्सा देतात त्यामागे निदान बिनकाट्याचं मऊ मांस हे कारण तर आहेच. पाणवनस्पतीत गोल जागा साफ करून ती अंडी घालते, आणि पिल्लांचा लालसर थवा पृष्ठभागावर फिरतो तेव्हा आईबाप खाली पहाऱ्याला असतात. अंडी लाखांत नसतात, काही हजारांत असतात. राखणीवरच सगळं चालतं. थव्याखालची मोठी मरळ गळाला लावली की थवा दुसऱ्या माशांचं खाद्य होतो.

शिंगाळा घेताना नीट बघा, कारण त्याच नावाने दोन वेगळे मासे विकले जातात. नदीच्या शिंगाळ्याच्या मिशा लांबलचक, आणि पाठीवर मागे मांसल पर लांब पसरलेला, त्याच्या टोकाला काळा ठिपका. खाडीच्या शिंगाळ्याचा तोच पर आखूड, मिशा तोकड्या, डोक्यावर खडबडीत कवच. नदीचा तळाला खड्डा करून त्यात अंडी राखतो. खाडीचा नर मोठी, गोटीएवढी अंडी तोंडात धरून हिंडतो आणि पिल्लं सुटेपर्यंत जवळजवळ उपाशी राहतो. नदीचा चवीला उजवा, भावही जास्त. खाडीचा नदीच्या भावात दिला जात असेल तर पराच्या टोकाचा ठिपका दाखवा म्हणावं. दोघांचेही काटे विषारी टोचतात. ते गाळ्यावरच छाटून घ्यावेत.

वाम तळाच्या दगडांत राहते, रात्री अळ्या, किडे, बारीक मासे खाते. पाठीवर सुट्या काट्यांची रांग असते, म्हणून कातडी सोलूनच घ्यावी. अर्ध्या किलोवरची मिळाली तर तिखट सुक्यात तिला तोड नाही.

चिलापी, सायप्रिनस, मागूर

चिलापी स्वस्त, बारमाही, काट्याला सोपी. १९५२ मध्ये ती देशात आली आणि आता बहुतेक धरणांत आहे. मादी अंडी तोंडात उबवते, वर्षात अनेकदा, आणि तळहाताएवढी असतानाच वयात येते. त्यामुळे तळ्यात गर्दी होते आणि सगळी खुरटतात. पाव किलोच्या खाली घेऊ नये, नुसतं डोकं नि काटा पदरात पडतो.

सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, साचलेल्या पाण्यातही गवताला चिकट अंडी घालतो, वर्षातून दोनदा. तळ उकरून खातो. उन्हाळ्यात टाळावा, थंडीत ठीक.

मागूर मात्र जपून. आफ्रिकन मागूर, ज्याला बाजारात थाई मागूर म्हणतात, त्याच्या पालनाला देशात २००० सालापासून बंदी आहे. तो काहीही खातो, नदीत सुटला तर मूळच्या माशांचा फडशा पाडतो. देशी मागूर सहसा पाव-अर्ध्या किलोपलीकडे जात नाही, अंग एकरंगी तपकिरी-काळसर असतं. किलोच्या वरचा, अंगावर ढगाळ डाग, डोकं रुंद नि चपटं असा दिसला तर तो बंदीचाच. देशी म्हणून महाग भावात हाच गळ्यात मारणारे आहेत.

खाडीचा माल

इथे बाजाराचे गुण कमी होतात, आणि दोष अंतराचा नि बर्फाचा आहे. आपल्या हवेत माशाएवढ्याच वजनाचा बर्फ लागतो, तोही फोडलेला, थरावर थर, आणि वितळलेलं पाणी खालून निघून जायला हवं. बऱ्याच ठिकाणी वर दोन ढेकळं ठेवलेली, खालचा मासा कोमट पाण्यात बुडालेला दिसतो.

बोई त्यात सगळ्यात आधी बिघडते. ती खाडीचा गाळच खाते, त्यातलं शेवाळ नि कुजकं वेचून. तिच्या जठराला कोंबडीच्या पेठ्यासारखी जाड स्नायूची भिंत असते, वाळूच्या कणांनी अन्न दळायला. अशा गाळभरल्या पोटाचा मासा बारा-चौदा तास न साफ करता राहिला की पोट मऊ पडून फुटतं. नाशिकमध्ये बोई घ्यायची तर पोट बोटाने दाबून बघावं, खळगा राहिला तर सोडून द्यावी. घेतलीच तर आतलं काळं अस्तर पूर्ण खरवडून काढायला लावावं. थंडीत, समुद्रात अंडी घालायला निघण्याआधी, ती चरबीवर असते तेव्हाच तिची चव. मुडदुशी नाजूक, वाळूतले किडे नि बारीक कोळंबी खाणारी, चवीला गोड; पण नाशिकपर्यंत येताना तिचं मांस सुटतं. तिच्यासाठी पैसे घालवू नयेत.

जिताडा मात्र प्रवास सोसतो, आणि खाडीच्या मालात नाशिकला घ्यावा असा हाच एक. मासे आणि कोळंबी खाऊन वाढतो, मांस पांढरंशुभ्र, मोठ्या पापुद्र्यांचं. त्याचं आयुष्य रोहूच्या उलट वाहतं. वाढतो नदीत, खाडीत, खारेपाटातल्या तळ्यांत, आणि अंडी घालायला खाऱ्या पाण्याकडे उतरतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सुरुवातीला तो नर असतो. तीन-चार वर्षांचा असताना नर म्हणून वयात येतो, आणि सहा ते आठ वर्षांचा, मीटरभर लांबीच्या आसपास झाला की मादी होतो. म्हणजे सात-आठ किलोपुढचा जिताडा जवळजवळ नेहमी मादी, आणि अशा थोड्या माद्यांवर पुढची पिढी अवलंबून. दोन ते चार किलोचा घ्यावा. चवीला तोच सरस, मोठ्याचं मांस चरबट नि जाड्याभरड्या धाग्याचं होतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारी बंद असते, त्या काळात 'आजचा ताजा' म्हणून मिळणारा जिताडा बहुधा तळ्यातला किंवा गोठवलेला असतो. तळ्यातला वाईट नाही, फक्त भाव खाडीचा देऊ नये.

पाला, म्हणजे हिलसा मासा, नाशिकला क्वचित येतो, गुजरातेतून. पाण्यातलं प्लवंग गाळून खाणारा, समुद्रातून नदीत चढून अंडी घालणारा. आपल्याच गोदावरीच्या दुसऱ्या टोकाला, आंध्रात, तो पावसाळ्यात पुलसा म्हणून सोन्याच्या भावाने जातो आणि राजमहेंद्रीजवळ धवलेश्वरमच्या बंधाऱ्याशी त्याची वाट अडते. इथे येतो तो दोन दिवसांचा शिळा, आणि त्याची तेलकट चरबी लवकर खवट होते. कल्ले उघडून वास घेतल्याशिवाय पैसे काढू नयेत.

कापून घेताना

कापणाऱ्यांचा हात नाशिकला खरंच चांगला आहे, पण चार गोष्टी सांगाव्या लागतात. पोट फाडताना पित्ताची हिरवी पिशवी फुटू देऊ नका म्हणावं. फुटली तर तेवढा भाग कापून टाकायचा, धुऊन कडूपणा जात नाही. रोहू-कटल्याचं पित्त औषध म्हणून कच्चं गिळणारे लोक अजून आहेत. ते विषारी आहे, मूत्रपिंडं निकामी होऊन माणसं दवाखान्यात गेलेली आहेत. ते मागू नये, कुणी दिलं तर घेऊ नये. कल्ले पूर्ण काढायला लावावेत, नाहीतर डोक्याचं कालवण कडवट होतं. पाठीच्या कण्याला आतून चिकटलेली गडद रक्ताची पट्टी नखाने किंवा चमच्याने खरवडून घ्यावी, मासा तिथून नासायला लागतो. तुकडे पाऊण इंचाचे, आडवे.

रोहू-मृगळाचं आतडं अंगाच्या कितीतरी पट लांब असतं आणि कुजत्या वनस्पतींनी भरलेलं असतं, जठर त्यांना नसतंच. म्हणून घरी नेऊन संध्याकाळी साफ करू म्हटलं तर दुपारपर्यंत वास मांसात उतरतो. साफ गाळ्यावरच करून घ्या, वजन मात्र त्याआधी बघा. डोकं, खवलं, आतडं जाऊन कटल्याचं हाती येतं ते साधारण निम्म्याहून थोडं जास्त. शिवडा-मरळीचं त्याहून बरंच अधिक, त्यामुळे त्यांचा किलोचा भाव दिसतो तितका महाग पडत नाही.

बुधवार, शुक्रवार, रविवार सकाळी आठच्या आत गेलात तर निवड मिळते. सोमवार-गुरुवारी उठाव नसतो आणि आदल्या दिवसाचा माल वर येतो. त्या दिवशी जिवंत मरळीखेरीज दुसरं काही घेऊ नये.